चिमट्याची तारीख

उलट्या केलेल्या सायकलच्या पोटाशी, पायडलचा आस जिथे बसतो त्या नळीवर, अर्विन फेदरने थुंकीने ओला केलेला अंगठा फिरवला आणि पहिला आकडा मळातून वर यायच्या आतच पुढचे तिन्ही आकडे त्याला कळले. दोन, एक, चार, सात. शेवटचा सात डावीकडे झुकलेला. डोळ्यांनी वाचायच्या आधी अंगठ्याने वाचला होता तो, कारण त्या साताचा ठसा मुळातच वाकडा होता आणि तो सरळ उठावा म्हणून हातोडी किती तिरकी धरावी लागते हे शिकायला त्याला सतराव्या वर्षी एक अख्खा हिवाळा लागला होता. अंगठा तिथेच राहिला. सायकल घेऊन आलेली मुलगी त्याच्या डोक्याशी उभी राहून बोलत होती, बोलतच होती, तिचा आवाज जिन्यावरून कोणीतरी भांडी घेऊन उतरावं तसा येत होता. खिडकीबाहेर मंगळवारची साधी दुपार होती, समोरच्या घराच्या पायरीवर कोणीतरी दुधाच्या रिकाम्या बाटल्या ठेवत होतं, आणि आपण सदुसष्ट वर्षांचे आहोत, गुडघे दुखताहेत, हे सगळं जिथल्या तिथे होतं. फक्त अंगठ्याखालचं लोखंड थंड होत चाललं होतं.

"सापडला का नंबर?" मुलीने विचारलं. "आई म्हणाली, हॅदर्शॉमध्ये सायकलीची जन्मतारीख सांगणारा माणूस एकच. अबाऊट फेदर."

"कोण म्हणतं मला तसं?"

"सगळेच." ती हसली. "रागावू नका हं, मिस्टर फेदर."

रागावण्यासारखं त्यात काही नव्हतं. सायकल क्लबातल्या टोळक्याने 'अबाऊट', म्हणजे 'सुमारास', हे नाव ठेवून वीस वर्षं झाली होती. जुन्या, पातळ नळ्यांच्या, लांबच्या सफरीच्या हलक्या सायकली जमवणारी माणसं देशभरातून त्याला फोटो पाठवत, नंबरावर कागद ठेवून पेन्सिलीने घासून काढलेले ठसे पाठवत; आणि अर्विन त्यांना एक छापील पत्रक भरून पाठवी. चौकट अमुक सालच्या सुमारास. मागचं हब अमुक सालच्या सुमारास. ब्रेक, मडगार्ड, हँडल, सगळं सुमारास. जोडांच्या नक्षीवरून, दिव्याची कडी कुठल्या बाजूला पितळ वितळवून झाळली आहे त्यावरून, रंगाच्या थरावर नखाने ओरखडा काढून त्याखाली निघालेल्या दुसऱ्या रंगावरून तो साल सांगे आणि ते चुकत नसे, पण 'सुमारास' हा शब्द त्याने एकदाही गाळला नव्हता. चालवलेल्या सायकलीत कुठला भाग कधी बदलला गेला असेल, कोण शपथ घेणार, असं तो म्हणे. त्याची बायको डोरीन म्हणायची, तुझ्या थडग्याच्या दगडावरसुद्धा मी 'सुमारास' कोरून घेईन, म्हणजे वर गेल्यावर तुला घोर नको.

"ही कुणाची?" त्याने विचारलं. त्याला ठाऊक होतं. कोणीतरी दुसरं नाव घ्यावं, कुठल्यातरी मोडीच्या दुकानाचं, लिलावाचं, म्हणून त्याने विचारलं.

"आजोबांच्या बहिणीची. नेल होलरॉइड. मी बेथनी, लेन होलरॉइडची नात. तुम्ही ओळखत असाल की आजोबांना."

ओळखत होता. हॅदर्शॉमध्ये लेन होलरॉइडला न ओळखणारं माणूस मिळालं नसतं, आणि ओळख कशामुळे तर एकाच गोष्टीमुळे. रांगेत सायकल चालवताना पुढच्याच्या मागल्या चाकाला आपलं पुढचं चाक लागू द्यायचं नाही, हा इथल्या क्लबांचा पहिला आणि शेवटचा नियम. नवख्याला पहिल्या रविवारी तोच सांगतात. चाक लावणाऱ्या माणसाशी कोणी भांडत नाही, फक्त पुढच्या रविवारी त्याच्यापुढे कोणी चालवत नाही. लेनने सत्तावन्न सालच्या व्हिटसनच्या, म्हणजे ईस्टरनंतरच्या सातव्या, रविवारी स्कार टेकडीच्या उतरणीवर सख्ख्या बहिणीला चाक लावलं आणि ती दगडी कुंपणावरून पलीकडे जाऊन पडली, असं सगळे म्हणत. चौकशीत सायकल निर्दोष निघाली होती. रस्ता कोरडा होता. मग उरलं काय? उरला लेन, गळ्याचं हाड मोडलेला, तेवीस वर्षांचा, काही आठवत नाही म्हणणारा. त्यानंतर तो सायकलवर बसला नाही. गिरणीत जाताना लोक बसने जात त्या रस्त्याने तो चालत जाई, आणि अर्विन, समोरून येताना दिसला की, पलीकडच्या पदपथावर जाई. पन्नास वर्षं दोघे एकाच गावात राहिले आणि पदपथ बदलत राहिले. लेनला वाटत असावं, हाही इतरांसारखाच.

"पणजीने धुण्याच्या खोलीत टांगून ठेवली होती घोंगडीत गुंडाळून," बेथनी सांगत होती. "मग आजोबांच्या माळ्यावर. कोणी हात लावायचा नाही. आणि गेल्या महिन्यात वृद्धाश्रमात बसल्याबसल्या आजोबा म्हणतात, बेथ, ती खाली काढ, तेल घाल आणि चालव. मी म्हटलं, आजोबा, बरे आहात ना? म्हणाले, पन्नास वर्षं झाली, क्लब त्या दिवसाची आठवण म्हणून रविवारी स्कारवरून सफर काढतोय, नेलची सायकल तीत हवी. खालच्या वळणावर कुंपणाशी मला खुर्ची टाकून द्या, मला ती खाली येताना बघायचीय. नीट येताना." ती थांबली. "म्हणून तीन आठवडे मी हिच्यावरच कामाला जातेय. मस्त चालते हो. फक्त ब्रेक दाबला की पुढून टिक् होतं. बारीक. जुनी आहे, बोलणारच."

अर्विनचा हात सायकलीच्या मानेकडे गेला होता. पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याचे दोन पाय वर जिथे एकत्र येतात तो माथा, आणि त्या माथ्यात वरून बसणारी मानेची नळी. तिथे त्याने बोट नेलं आणि काढून घेतलं, तव्याला लागल्यासारखं. "रविवार म्हणजे दहा जून," तो म्हणाला.

"हो. खरा दिवस नऊ होता, पण रविवारी दहा पडते. चालेल ना एक दिवस पुढेमागे?" ती पुन्हा हसली. "च्या सुमारास."

मग तिने सायकल सरळ केली, पत्रक शनिवारी घेऊन जाईन म्हणाली, डोरीनने पुढे केलेला आल्याच्या केकचा तुकडा तोंडात कोंबला आणि निघाली. अर्विन हातात कोरं पत्रक घेऊन दारात उभा राहिला. त्याला काहीतरी बोलायचं होतं, अगदी साधं, 'थांब' एवढंच. पण तो पत्रकाची घडी घालत आणि उघडत राहिला. त्यांची गल्ली सरळ खाली गिरणीच्या पुलापर्यंत उतरते. मुलगी दोन्ही पाय पायडलवर ठेवून, काहीच न करता, उतरणीने सुटली. दुपार अशी शांत होती की त्याला ऐकू आलं. टिक्. मग थोड्या अंतरावर, टिक्. आणि त्याला दिसलं ते पाठीवरचं हिरवं दप्तर नव्हतं, पिवळा स्वेटर होता, आणि मग तो धावत होता, पायात सपाता, एक सपात दुसऱ्या दाराशीच गळली, तोंडातून नाव येईना म्हणून नुसताच ओरडत होता, आणि दारादारांतून बायका बघत होत्या. पुलापाशी लोकरीचा ट्रक आडवा होता म्हणून ती एक पाय टेकून उभी होती. नाहीतर उभी नसती.

"मिस्टर फेदर! झालं काय?"

त्याने हँडल धरलं. श्वास आवरेपर्यंत त्याला निमित्त शोधायला वेळ मिळाला. "ब्रेकचे रबर," तो म्हणाला. "दगड झालेत. ठेवून जा ही. शनिवारी ने."

"आणि मी घरी कशी जाऊ?"

"बसने."

"फक्त रबरांसाठी एवढे धावलात?"

"मी सगळ्यासाठीच धावतो," तो म्हणाला, आणि हे इतकं हास्यास्पद होतं की ती हसली आणि बसच्या थांब्याकडे गेली.

तो सायकल ढकलत वर आला तेव्हा डोरीन त्याची सपात हातात घेऊन दारात उभी होती. तिने विचारलं नाही. ती क्वचितच विचारते. चाळिसाव्या वर्षी याला अक्षरं शिकवायला बसली तेव्हाच तिला कळलं होतं की या माणसाच्या आत एक बंद खोली आहे आणि तिच्या दाराशी गेलं की हा 'अ'सुद्धा विसरतो. शाळेत अर्विनला आकडे आले होते, अक्षरं आली नव्हती. पोरवयात तो एनॉक ड्यूहर्स्टच्या सायकली बनवायच्या दुकानात कामाला लागला, तिथे अक्षरांची गरज पडली नाही. डोरीनने सायकलींची जुनी सूचिपत्रं पुढ्यात ठेवून त्याला वाचायला लावलं, कारण नळ्या, जोड, हब हे शब्द त्याला तोंडपाठ होते आणि पाठ असलेला शब्द डोळ्यांना लवकर सापडतो. असाच त्याचा छंद सुरू झाला. पण सूचिपत्रांनंतर त्याने आपणहून वाचलेली पहिली गोष्ट वेगळी होती. तो ग्रंथालयात गेला, सत्तावन्न सालचं जूनचं वर्तमानपत्र मागितलं, आणि बोट ठेवून, ओठ हलवत, पूर्ण दुपार घालवून एक बातमी वाचली. स्थानिक कारागीर श्री. एनॉक ड्यूहर्स्ट व त्यांचे मदतनीस यांनी सहीनिशी दिलेल्या अहवालानुसार सायकलीचा चिमटा व चौकट शाबूत. मदतनीस. सही त्याची होती. ती करताना कागदावर काय आहे ते त्याला वाचता आलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर वाचायची गरजही नव्हती.

त्याने दार लावलं. मानेवरचा मोठा नट सैल केला, छर्रे एका बशीत काढले, आणि चिमटा खाली ओढला तेव्हा तो सवयीचा असल्यासारखा हातात आला. मानेच्या नळीवर पुन्हा तेच चार आकडे, पुन्हा झुकलेला सात. त्याने तो खिडकीशी धरला. रंग जमला होता, खरंच जमला होता. गडद निळा, कडेला विटेच्या भुकटीने मंद केलेला, जणू महिनाभर पावसापाण्यात फिरलेला. एनॉक म्हणाला होता, पोरा, तू रंगारी व्हायला हवं होतंस. माथ्याच्या आतल्या अंगाला बोट घातलं तर खिळीचं गुळगुळीत टोक लागलं. खीळ होती. त्या दुसऱ्या वेळी तो खीळ विसरला नव्हता.

खीळ म्हणजे काय, तर माथ्यातून आणि आतल्या नळीतून आरपार घातलेली एक सुई, बस. झाळायच्या आधी घालायची, म्हणजे तापवताना नळी माथ्यातून सरकत नाही. खीळ विसरली आणि नळी अर्धा इंच वर सरकली तर बाहेरून काही कळत नाही. पितळ कडेने वाहतं, थंड होतं, कानशीने घासलं की आरशासारखं दिसतं, आणि आत नळीने माथ्याला नुसतं नखाएवढं धरलेलं असतं. सत्तावन्नच्या एप्रिलमधली संध्याकाळ होती, दुकान बंद व्हायची वेळ. नेल बाकावर बसून पाय हलवत होती. पिवळा स्वेटर तिनेच विणला होता आणि एक बाही दुसरीपेक्षा लांब झाली होती, त्यावरून लेन तिला दारातून चिडवत होता. एनॉकने त्या दिवशी प्रथमच म्हटलं होतं, हा चिमटा तू झाळ, अर्विन, बघू तुझा हात. आणि नेल म्हणाली, "अरे बापरे, माझ्याच नशिबात याचा पहिला! अर्विन, लेनचा चिमटा आधी करून बघ ना, तो पडला तरी डोक्यावर पडतो, तिथे काही नाही." अर्विन हसला. ज्योत निळी होती. तो हसत होता आणि तिच्या लांब बाहीकडे पाहत होता आणि बाकावर, तिच्या मांडीपासून वितीवर, खीळ पडलेली होती. दुसऱ्या दिवशी झाडताना त्याला ती सापडली. त्याने ती उचलून हातात धरली, आणि त्याच क्षणी, त्या एका क्षणात, त्याला सगळं कळलं होतं. आणि मग तो स्वतःशी म्हणाला, दुसरी असेल. डब्यात तशा शेकडो होत्या. त्याने ती डब्यात टाकली. यानंतरची पन्नास वर्षं त्या डब्यातच गेली.

बुधवारी आणि गुरुवारी तो कार्यशाळेतून फारसा बाहेर आला नाही. डोरीन चहा आणून ठेवी आणि गार झालेला नेई. त्याच्याकडे त्याच काळातला, त्याच जातीचा एक माथा होता, न वापरलेला. पायांची जोडी होती, नळी होती. त्याने नवा चिमटा केला. खीळ घातली. ज्योत धरली आणि पितळ आतवर, दुसऱ्या कडेने बाहेर डोकावेपर्यंत ओढून घेतलं. हात कापत नव्हते. हातांना कधी काही वाटलं नव्हतं. ही गोष्ट त्याला नेहमीच भयंकर वाटत आली होती. नव्या चिमट्यावर रविवारी बेथनी खाली येईल आणि तिला काही होणार नाही. म्हणजे सगळं नीट झालं. पत्रकावर लिहायचं, चौकट सत्तावन्नच्या सुमारास, चिमटा नंतर बदललेला. कोणीच काही विचारणार नाही. आणि जुन्या चिमट्याबद्दल कोणी विचारलंच, तर तोही सत्तावन्नच्या सुमाराचा. हे तर शंभर टक्के खरं. जगातल्या कुठल्याही जाणकाराला तो चिमटा दिला असता तर त्याने हेच सांगितलं असतं. आयुष्यभर 'सुमारास' लिहिताना आपण याच दिवसासाठी जागा करून ठेवत होतो की काय, असं त्याच्या मनात आलं, आणि भिंतीवर टांगलेल्या चौकटी, बिनचाकांच्या, बिनहँडलच्या, रांगेने आपल्याकडे पाठ करून उभ्या आहेत असं त्याला वाटलं.

सत्तावन्नच्या त्या रविवारच्या दुसऱ्या दिवशी, व्हिट मंडेच्या सुट्टीला, दुकानं बंद होती. हवालदाराने सायकल गावातल्या एकमेव जाणकाराकडे तपासायला दिली होती, म्हणजे ज्याने तिला जन्म दिला त्याच दुकानात. चाक एकीकडे, बाकीची एकीकडे. हवालदाराला वाटलं, पडताना चाक निखळलं. एनॉकने मानेतून मोडका तुकडा काढला, आत पाहिलं, मग अर्विनकडे पाहिलं. तो ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. तो म्हणाला, "खीळ कुठाय?" आणि मग म्हातारा खाली बसला, त्याच बाकावर. तिथूनच म्हणाला, "चौतीस वर्षांचं दुकान. तुझी आई विधवा. ती पोरगी तर आता परत येत नाही." मग उठला. "चल. कपडे बदल." हवालदाराला दाखवायला मोडक्याच्या जागी तसाच दुसरा चिमटा करायचा होता. गॅसची नळकांडी संपत आली होती आणि सुट्टीमुळे दुसरी मिळण्यासारखी नव्हती. अर्विनने खीळ घातली, पण ज्योत पिवळी पडत गेली, पितळ कडेला थिजलं, आत उतरेना. तो म्हणाला, मिस्टर ड्यूहर्स्ट, आत जात नाहीये. "वरून दिसतंय ना?" एनॉक म्हणाला. "एक दिवस टेबलावर पडायचंय त्याला, कोणी बसणार नाहीये." पहिल्यात पितळ होतं, खीळ नव्हती. दुसऱ्यात खीळ आहे, पितळ नाही. आणि 'कोणी बसणार नाहीये' म्हटलेल्या त्या चिमट्यावर एक मुलगी तीन आठवडे कामाला जात होती. एका सुईच्या जाडीच्या खिळीवर.

गुरुवारी संध्याकाळी त्याने बारीक सळई लावून हातोडीने ती खीळ बाहेर काढली. आता माथा आणि नळी यांच्यामध्ये फक्त कडेची पितळी रेघ होती, आणि ती हातोडीच्या दुसऱ्या फटक्यालाच केसासारखी तडकली. ओढलं असतं तर वेगळं झालं असतं. त्याने ओढलं नाही. चिमटा पोत्यात गुंडाळला.

शुक्रवारी जेवण झाल्यावर तो पोतं काखेत घेऊन निघाला तेव्हा डोरीन म्हणाली, "कुठे?"

"आश्रमात. लेन होलरॉइडकडे."

डोरीनने हातातलं फडकं खाली ठेवलं. "तुझ्याकडे बघून मला भीती वाटतेय, अर्विन."

"मलाही," तो म्हणाला. "सही करायचं पेन दे."

लेन खिडकीशी बसला होता, गुडघ्यावर चौकड्यांचं घोंगडं, उजवा हात घोंगड्यावर उताणा. अंगाने वाळला होता, पण डोळे तेच, दारातून बहिणीच्या बाहीला हसणारे. अर्विनला पाहून त्याने भुवया उंचावल्या. "बघा बघा. पदपथ संपला वाटतं तुझा."

"संपला," अर्विन म्हणाला.

"बस. खुर्ची बरी आहे, ओल्डरॉइड मेला त्यात परवा, पण पुसलीय." लेनने पोत्याकडे पाहिलं. "बेथ म्हणाली, तू रस्त्यावरून सपाता टाकून धावलास. ब्रेकच्या रबरांसाठी. मी म्हटलं, फेदर इतका चांगला माणूस कधीपासून झाला?" त्याने हात उताणाच ठेवला होता. मग एकदम, जणू हवेविषयी बोलावं तसं, तो म्हणाला, "तुला सांगू? पहिल्यांदा मला काही जाणवलं नव्हतं. दवाखान्यात हवालदाराने विचारलं, चाक लागलं का, मी म्हटलं, आठवत नाही. मग क्लबच्या सेक्रेटरीने विचारलं. मग आईने. मग रोज कोणी ना कोणी. विचारत नसत, नुसतं बघत. सहाएक महिन्यांनी एका सकाळी दाढी करताना मला ते जाणवलं. इथे, या हातात. हँडलमधून येतो तसा धक्का, बारीक, घासल्यासारखा. तेव्हापासून रोज येतो. मी स्वतःला म्हटलं, चला, आठवलं एकदाचं. लागलं होतं." तो हसला, पण हसू चेहऱ्यावर चढलंच नाही. "मग रविवारी बघायचंय मला, त्याच सायकलीवर, कोणी मागे नसताना, ती खाली येते का. एवढं बघितलं की झालं. पत्रक आणलंस का?"

अर्विनने पत्रक काढलं. चौकटीचा रकाना भरलेला होता, मागच्या हबचा, ब्रेकचा, मडगार्डचा. सगळीकडे सुमारास. चिमट्याचा रकाना कोरा होता. त्याने पत्रक गुडघ्यावर ठेवलं, पेन उघडलं आणि लिहू लागला. त्याचं अक्षर मोठं आणि सुटं, मुलांसारखं, आणि लिहिताना ओठ हलतात. लेन ते ओठ बघत होता. लिहून झाल्यावर अर्विनने कागद त्याच्या मांडीवर ठेवला. लेनने चष्मा लावला.

"दहा जून," तो म्हणाला. "एकोणीसशे सत्तावन्न. सोमवार." त्याने वर पाहिलं. "हे काय? सुमारास लिहायचं राहिलं तुझं."

"नाही राहिलं."

"चिमट्याचा वार सांगता येतो?"

"कोणालाच येत नाही," अर्विन म्हणाला. "करणाऱ्याला सोडून."

खाली अंगणात कोणीतरी चाकाची खुर्ची फरशीवरून नेत होतं, एक चाक दर फेऱ्याला कुरकुरत होतं. लेनने पुन्हा कागदाकडे पाहिलं. "नेल नऊला गेली," तो सावकाश म्हणाला. "रविवारी. सोमवारी सायकल ड्यूहर्स्टकडे..." आणि थांबला. अर्विनने पोतं सोडलं. चिमटा लेनच्या मांडीवर ठेवला, नळीचं टोक लेनच्या उताण्या हाताकडे केलं, आणि दोन्ही पाय आपण धरले.

"ओढ," तो म्हणाला.

"काय आहे यात?"

"काही नाही. ओढ."

लेनची बोटं नळीभोवती मिटली. त्याने ओढलं तेव्हा जोर लावावा लागला नाही. टिक् झालं, अगदी बारीक, आणि नळी त्याच्या हातात आली. आतलं लोखंड करडं, स्वच्छ होतं, नुकतंच कापल्यासारखं; पितळेचा त्यावर थेंबही नव्हता, फक्त कडेला सोनेरी दोऱ्यासारखं एक वर्तुळ. लेनने ते उजेडात फिरवलं. तो गिरणीत चाळीस वर्षं यंत्रांजवळ उभा राहिलेला माणूस होता. त्याला समजावून सांगावं लागलं नाही. तरी अर्विनने सांगितलं. खीळ, बाक, पिवळा स्वेटर, डबा, गॅसची नळकांडी, सही. कुठेही न थांबता, कारण थांबलो तर पुन्हा सुरू होणार नाही हे त्याला माहीत होतं. बेथनीच्या सायकलीला नवा चिमटा घातलाय, तो पक्का आहे, हेही सांगितलं. मग सांगण्यासारखं काही उरलं नाही.

लेनने नळी डाव्या हातात घेतली आणि उजवा हात पुन्हा घोंगड्यावर उताणा ठेवला. तो हाताकडे बघत होता. अर्विनही बघू लागला. हात शांत होता, आणि मग, कोणी स्पर्श केला नसताना, पंजा जरासा आत ओढला गेला आणि सुटला. जसा हँडलमधून धक्का आल्यावर ओढला जातो.

"बघितलंस?" लेन म्हणाला. "आत्ता आला. अजून येतोय." त्याचा आवाज चढला नव्हता. "मग हे काय आहे, अर्विन? मी लावलं नाही, तर हे माझ्या हातात कुणी ठेवलं?"

अर्विनने उठायला खुर्चीचे हात धरले.

"बस," लेन म्हणाला. "कुठे चाललास? रविवारी तूही खाली वळणावर येणार आहेस. माझ्या खुर्चीशेजारी. सगळा क्लब असेल, चहाच्या वेळी सेक्रेटरी पत्रक वाचतो, पण हे त्याने नाही, तू वाचायचं." त्याने कागद पुढे केला. "खाली सही कर. हां. आता वाच. काय लिहिलंयस ते वाचून दाखव मला. त्या वेळी सही करताना वाचलं नव्हतंस ना."

अर्विनने सही केली. कागद डोळ्यांपाशी नेला, बोट ठेवलं, आणि वाचू लागला. एकेक शब्द सुटा, चाळिसाव्या वर्षी शिकला तसा. चिमटा. दहा जून. सोमवार. केला, अर्विन फेदर. शेजारच्या खोलीतून कोणीतरी खोकलं. शेवटपर्यंत गेल्यावर त्याने कागद खाली केला.

लेन खिडकीबाहेर बघत होता. हात घोंगड्यावर उताणा.

"पुन्हा वाच," तो म्हणाला.